मंडईतले बावीस सेकंद

त्या गाण्याच्या मधोमध बावीस सेकंद ढोल वाजत नाही. बेसही वाजत नाही. दूर कुठेतरी वाऱ्यासारखा एक सूर असतो, पण तो मैदानात उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचत नाही. गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरवणाऱ्या समितीचं म्हणणं होतं की हे बावीस सेकंद काढून टाका. मी एकदा काढून पाहिले होते, पुन्हा काढणार नव्हते.

क्रमानं सांगते. क्रम लावणं हेच माझं काम आहे. साकोली तालुक्यात, एकोडीच्या अलीकडे एका गावात आमचं मंडप-डेकोरेशनचं दुकान आहे. नवरा गाडी चालवतो, बांबू रोवतो, गिऱ्हाइकाशी गोड बोलतो. बाकीचं माझ्याकडे. कोणत्या लग्नात किती खुर्च्या गेल्या, किती गंज, म्हणजे मोठी पातेली, परत आले, कोणत्या सतरंजीला भोक पडलं, कोणत्या माइकची वायर हलवली की खरखरते, हे सगळं माझ्या वह्यांत आहे. माझं वय सत्तेचाळीस. या वयात मी तासभर डीजे वाजवते, आणि तेही ड्रम अँड बेस नावाचं संगीत, याचं लोकांना नवल वाटतं. मला त्यांच्या नवलाचं नवल वाटतं.

हे संगीत मला कोणी शिकवलं नाही. लग्नं बंद होती त्या उन्हाळ्यात गोदामातलं सगळं सामान पुसून, मोजून, पुन्हा रचायचं मी ठरवलं. मोबाइल रिकाम्या गंजात ठेवला की आवाज मोठा होतो. एका दुपारी एक गाणं संपलं आणि आपोआप काहीतरी परदेशी सुरू झालं. ढोल इतका जलद की मोबाइल बिघडला असं वाटलं. पण मी ते बंद केलं नाही, कारण फडकं धरलेला हात त्या गतीनं चालायला लागला होता. एरवी तासात चाळीस खुर्च्या पुसून होतात. त्या दिवशी साठच्या वर झाल्या. मी हात पुसले आणि त्या प्रकाराचं नाव लिहून घेतलं.

मिनिटाला साधारण एकशे चौऱ्याहत्तर ठोके, ही त्याची गती. पण खालचा बेस त्याच्या निम्म्यानं चालतो. म्हणजे एकाच गाण्यात दोन चाली असतात, वर धावणं आणि खाली चालणं. ज्याला धावायचं त्यानं धावावं. ज्याचे गुडघे दुखतात त्यानं चालावं. दोघंही तालातच असतात. हे मी पुष्कळांना समजावलं, पुष्कळ जण हसले.

पुढे एका डीजेनं धंदा बंद केला तेव्हा त्याचे बेसचे दोन खोके, म्हणजे मोठे स्पीकर, आणि वरच्या आवाजाचे चार टॉप आम्ही घेतले. त्याच ढिगात गाणी एकमेकांत मिसळायचा, दोन गोल चकत्यांचा एक कंट्रोलर होता. नवरा म्हणाला, हा विकून टाकू. मी म्हटलं, आधी पुसून बघते.

पुसायला लागले ते वर्षभर पुसत राहिले असं समजा. एक गाणं चालू असताना दुसरं कानात ऐकायचं, त्याची गती जुळवायची, ठोके मोजत थांबायचं आणि नवा भाग सुरू होतो नेमक्या त्या ठोक्यावर ते आत आणायचं. पहिल्याचा बेस उतरवल्याशिवाय दुसऱ्याचा चढवायचा नाही. दोन्ही बेस एकदम वाजले तर दोन म्हशी एका दारातून शिरतात तसं होतं. मी वही केली. प्रत्येक गाण्याला एक ओळ. गती, सुरुवातीचे रिकामे ठोके, आवाज बाईचा की बुवाचा की कोणाचाच नाही, आणि जोर एक ते पाच. शेवटच्या रकान्यात मी ‘कोणानंतर’ असं लिहिलं होतं. तोच रकाना भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. चांगली गाणी जमवणं सोपं आहे. चांगल्या गाण्याच्या मागे कोणतं लावू नये हे कळायला पुष्कळ चुका कराव्या लागतात. पंचवीस वर्षं मी पंगतींवर नजर ठेवली आहे. सगळं एकदम पानात पडलं की माणूस बघूनच दमतो. जोर पाचची तीन गाणी लागोपाठ लावली की तेच होतं.

आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाहुणे येतात, लेकी माहेरी येतात. दुपारी तीनच्या सुमाराला दंडार येते, म्हणजे ढोलकी आणि झांजांवर पुरुषांचा नाच. त्याआधीचा दोन ते तीन हा तास कोणाचाच नसतो. समिती त्या वेळी गाणी लावायला कोणाला तरी बोलावते, म्हणजे लोक दंडार येईपर्यंत पांगत नाहीत. तीन मंडयांपूर्वी साकोलीच्या डीजेनं एकाच दिवशी दोन गावांना शब्द दिला आणि आमच्याकडे आलाच नाही. मी म्हटलं, तो तास माझा.

गावाबाहेर आखर आहे, जिथे सकाळी गुरं जमतात. मंडई तिथेच भरते. माझं टेबल बेसच्या खोक्यांमागे लावलं होतं. गावातल्या वडीलधाऱ्यांसमोर सुनेनं डोक्यावर पदर घ्यावा, फार पुढे येऊ नये, असं आमच्याकडे अजून मानतात. मीही तेव्हा मानत होते. मागे बसले, मान खाली घालून स्क्रीनकडे पाहत वाजवायला लागले. वीस मिनिटं ठीक गेली. पोरं नाचत होती, बांगड्यांच्या दुकानासमोर बायका पायानं ठेका धरत होत्या. मग ती रिकामी जागा आली. ढोल थांबला, बेस थांबला.

आखरावरच्या सगळ्या माना एकदम विजेच्या खांबाकडे वळल्या.

कोणीतरी म्हणालं, लाईन गेली. आमच्याकडे आवाज बंद झाला की त्याला दुसरं कारण नसतं. रात्र असती तर दिवे दिसले असते. भर दुपारी लाईन आहे की नाही हे ओळखायला फक्त आवाज. आणि सगळ्यांच्या आधी धावला माझा नवरा. जनरेटर त्याचा, जबाबदारी त्याची. त्यानं हँडल मारला, खटका इकडचा तिकडे पाडला, आणि धडधडीत चालू असलेली लाईन त्यानं स्वतःच्या हातानं बंद केली. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला. मी ज्याच्यासाठी वीस मिनिटं रचत आणलं होतं तो बेस परत आदळण्याचा क्षण, ज्याला ड्रॉप म्हणतात, तो मुक्या खोक्यांत पडला. कानातल्या हेडफोनमध्ये फक्त मला ऐकू आला. जनरेटरनं वेग धरून आवाज परत आला तोवर अर्धं आखर जिलेबीच्या दुकानाशी होतं. ते परत आलं नाही.

घरी नवरा म्हणाला, मले काय मालूम, गाणं स्वतःहून थांबते म्हणून. त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या वर्षी मी ऐकलं. समितीनं सांगितलं मधात थांबायचं नाही, तर मी प्रत्येक गाण्यातली रिकामी जागा कापली. तेवीस गाणी, सगळी जोर चार-पाचची, एकमेकांना घट्ट शिवलेली. पंधरा मिनिटं आखर उसळलं. विसाव्या मिनिटाला लोक घाम पुसायला लागले. चाळिसाव्या मिनिटाला चार-पाच पोरं उरली होती आणि तीही एकमेकांचे फोटो काढत होती. दंडार आली तेव्हा त्यांना रिकामं मैदान मिळालं. समितीचे अध्यक्ष गावातले जुने शेतकरी आहेत. नात्यानं सासरे लागत नाहीत, पण गावच्या सुना त्यांना मामाजी म्हणतात. ते टेबलाशी आले आणि शांतपणे म्हणाले, “सूनबाई, तासभर एकच गाणं वाजवलं का?”

मला राग आला तो त्यांचा नाही. तेवीस गाण्यांच्या तेवीस वेगळ्या सुरुवाती होत्या आणि माणसाला एकही सुरुवात ऐकू आली नाही, कारण मी आधीच्याचा शेवट होऊच दिला नव्हता. त्यांनी पुढे सांगितलं की अजून एक वर्ष बघू. तिसऱ्यांदाही दंडारीपर्यंत लोक टिकले नाहीत तर भंडाऱ्याहून डीजेची गाडी आणायची, हे समितीत बोलून झालं आहे. मग मी तुम्हाला तसदी देणार नाही, असं ते म्हणाले. त्या सभ्य बोलण्याचा अर्थ मला चांगला कळला. घरी जाताना नवऱ्याला सांगितलं, पुढच्या वर्षी गेला तर तो तास पुन्हा मिळणार नाही. आणि दुसऱ्याच्या मंडपात जाऊन लग्नाची गाणी मी लावणार नाही.

तिसऱ्या वर्षाची तयारी मी दुसऱ्या मंडईनंतरच्या सोमवारी सुरू केली. आधी ठरवलं की रिकामी जागा परत आणायची, पण एकच, आणि ती अर्ध्या तासानंतर. बाकी गाण्यांत अर्धवट थांबे, जिथे बेस जातो पण झांज टिकटिकत राहते. सुरुवातीची पाच गाणी जोर एक आणि दोनची घेतली, ज्यांत निम्म्या गतीची चाल ठळक ऐकू येते. गर्दी मधोमध नाचणाऱ्या पोरांमुळे टिकत नाही. कडेला उभ्या असलेल्या बायका टिकल्या की गर्दी टिकते, आणि त्या चालीवर उभ्या राहतात, धावण्यावर नाही.

अडचण उरली ती त्या बावीस सेकंदांची. नवऱ्यानं सुचवलं की टेबलफॅन ठेवू आणि त्याला रिबिनी बांधू. रिबिनी उडत असल्या म्हणजे लाईन आहे.

“मंग लोक रिबिनीच पाहत बसतीन,” मी म्हटलं. “गाणं कोण ऐकन?”

“तं मंग थांबूच नको न.”

“थांबीन.”

त्या हिवाळ्यात आम्ही मंडप घेऊन सात-आठ गावांच्या मंडयांना गेलो. खुर्च्या लावून झाल्या की मी दंडार बघत बसायचे. आधीही शंभरदा पाहिली होती, पण वही घेऊन नव्हती पाहिली. त्यांचा ढोलकीवाला मधेच हात उचलतो. सगळं गप्प होतं. नाचणारे एक पाय उचलून तसेच उभे राहतात. आणि एकही माणूस विजेच्या खांबाकडे बघत नाही. चौथ्या गावात मला कळलं. लोकांना तो हात दिसतो. शांतता कोणीतरी केलेली आहे आणि तोच माणूस ती संपवणार आहे, हे त्यांना दिसतं. माझी शांतता खोक्यांमागून येत होती. तिला हात नव्हता, तोंड नव्हतं. मग तिचा मालक विजेचा खांबच ठरणार.

त्या पानावर मी एवढंच लिहिलं की टेबल पुढे घ्यायचं, उंचावर.

लिहिणं सोपं गेलं. मंडईच्या सकाळी लाकडी फळ्यांचं तखत टाकून त्यावर टेबल चढवताना नवरा दोनदा म्हणाला की अजून विचार कर. माझी नणंद, त्याची धाकटी बहीण, पवनीजवळ दिली आहे. ती मंडईसाठी आली होती आणि या वेळी तिच्या सासरचेही येणार होते. तिनं तखताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की वहिनी, आता नाचायचंच राहिलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी. ती हसली नाही. सासूला काय सांगायचं याची तिला काळजी होती, आणि ती खरी होती.

अकराच्या सुमाराला मामाजी आले. बरोबर समितीचे दोघं.

“सूनबाई, टेबल मांगं घ्या,” ते म्हणाले. “पाहुणे येऊन राहिले. बरं दिसते का हे?”

मी पदर नीट केला. तो मला काढायचाही नव्हता. पदर घेऊनही हात उचलता येतो.

“मामाजी, दोन वरसं मांगं बसून वाजवलं. लोकाईले दिसलंच नाई कोण वाजवून राहिलं, म्हणून त्यायनं खांबाले विचारलं. यंदा मैदान रिकामं झालं तं माह्या तोंडावर सांगा. पण टेबल इथंच राहीन.”

त्यांनी तखताची एक फळी हातानं हलवून पाहिली. मग म्हणाले की तीन वाजेपर्यंतच, आणि निघून गेले. याला परवानगी म्हणायची की धमकी, हे मी विचारलं नाही.

दोनला सुरू केलं. पहिली दहा मिनिटं कोणीही नाचलं नाही आणि मी घाबरले नाही, कारण यादीत तसंच होतं. लोक माझ्याकडे बघत होते. बघून झालं की मग ऐकतील, असा माझा अंदाज होता. सहाव्या गाण्याला कडेच्या म्हाताऱ्या बायकांचे पाय चालीवर पडायला लागले. नवव्या गाण्याला पोरं मधे आली. दहावं गाणं मी यादीतून उडवलं, कारण त्याचा जोर चार होता आणि पोरं अजून तीनवरच होती. पूर्वी मी यादी मोडली नसती. पण तेव्हा मान खाली होती, लोक दिसत नव्हते. वर उभं राहिल्यावर पायच सांगतात पुढे काय लावायचं ते.

नवऱ्याला मी जनरेटरपासून वीस पावलं लांब, माझ्या समोर उभं केलं होतं आणि त्याच्या दोन्ही हातांत भज्यांच्या प्लेटा दिल्या होत्या. हात रिकामे ठेवायचे नाहीत, एवढंच त्याला सांगितलं होतं.

अर्धा तास झाला. ते गाणं आत आणलं, आधीच्याचा बेस उतरवला, आणि ठोके मोजले. ढोल गेला, बेस गेला. मी उजवा हात वर केला.

काही माना खांबाकडे वळल्याच. सवय एका हातानं मोडत नाही. नवऱ्याचा एक पाय पुढे पडला आणि प्लेटेतलं एक भजं खाली पडलं. मागून कोणीतरी म्हणालं, लाईन गेली वाटते. माझा हात वरच होता. खांद्यात कळ यायला लागली. मी मामाजींकडे पाहत होते. ते आधी खांबाकडे पाहत होते, मग माझ्याकडे पाहायला लागले आणि नजर हलवली नाही. मी कधी त्यांच्याकडे इतका वेळ सरळ पाहिलं नव्हतं. सात सेकंद, आठ, नऊ. आखरावर जिलेबीच्या कढईचं चुरचुरणं ऐकू यायला लागलं.

तेव्हा माझी नणंद बोलली. ती सासरच्या बायकांमध्ये उभी होती. तिचा आवाज मुळातच खणखणीत आहे.

“लाईन नाई गेली. वहिनीनं धरून ठेवली आहे.”

लोक हसले. हसण्यानं सगळ्या माना माझ्याकडे आल्या. तिच्या सासूनं तिच्याकडे चमकून पाहिलं, ती पुढेच पाहत राहिली. सतरा, अठरा. पोरांनी हात वर केले, माझ्यासारखे. मग काही बायकांनीही, बांगड्यांचे नवे चुडे घातलेले हात. बाविसाव्याला मी हात खाली आणला आणि बेस आला.

आखरानं काय केलं ते फुगवून सांगणार नाही. सगळं गाव नाचलं नाही. काही माणसं जिलेबी घ्यायला गेलीच. पण जी गेली ती द्रोण घेऊन परत आली, आणि हे दोन वर्षांत झालं नव्हतं.

तीनला सहा मिनिटं कमी असताना दंडार आली, ठरल्यापेक्षा लवकर. मामाजी तखताजवळ आले आणि वर बघून म्हणाले की झालं आता, चांगलं झालं, बंद करा. त्यांचा आवाज मऊ होता. त्याच क्षणी बंद केलं असतं तर पुढच्या वर्षीचा तास बिनबोभाट मिळाला असता, हे मला दिसत होतं. पण माझी शेवटची दोन गाणी उरली होती. जोर तीन आणि जोर एक. चढवलेले लोक तसेच वर सोडून द्यायचे नसतात, त्यांना खाली आणून उभं करावं लागतं, म्हणजे पुढचा नाच ते पहिल्यापासून बघतात. दंडारीसाठी मैदान तयार करायचं तर ती सहा मिनिटं लागणारच होती.

मी म्हटलं, “तीन वाजले नाई, मामाजी.”

ते थांबले. सगळ्यांसमोर, तखताखाली, हात मागे बांधून, सहा मिनिटं. दंडारीचा ढोलकीवालाही थांबला. शेवटच्या गाण्यात त्याची बोटं ढोलकीच्या काठावर हलत होती, निम्म्या गतीनं. मी तीनला बंद केलं. आखर भरलेलं होतं.

आठवड्यानं समिती बसली. निरोप नवऱ्याकडे आला की पुढच्या वर्षीही दोन ते तीन वहिनींचा, गाडी येणार नाही. फक्त टेबल खोक्यांच्या मागे. नवरा खूश होता. म्हणाला, तास तर मिळाला, एवढं ऐकून घे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाजींच्या घरी गेले. अंगणात धान वाळत घातलं होतं आणि ते पायानं परतत होते. मी उभ्या उभ्या सांगितलं की टेबल मागे घेऊन मी वाजवणार नाही.

“अन् समिती नाई म्हणाली तं?”

“तं तो तास समितीनं ठेवून घ्यावा. मले अर्धा नको.”

ते धानात चालत अंगणाच्या त्या टोकापर्यंत गेले, वळले आणि पायानं ओळी काढत परत आले. माझ्याजवळ येऊन थांबले.

“ते मधात थांबता न तुमी,” ते म्हणाले, “पुढच्या साली तितकंच थांबसान, का जास्ती?”

“दोनदा थांबीन,” मी म्हटलं.